पडद्यापुढे बसून प्रश्न कसा विचारावा

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातील आमच्या गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी संध्याकाळी चित्रपट दाखवला जातो आणि नंतर त्यावर तासभर बोलणे होते. पहिल्या बैठकीत चर्चा चालवण्याचे काम माझ्याकडे आले होते. चित्रपट संपला, दिवे लागले आणि मी विचारले, ‘या चित्रपटातून आपल्याला कोणता संदेश मिळाला?’ चौघांनी चार उत्तरे दिली: व्यसन वाईट असते, शिक्षण सोडू नये, आईवडिलांना विसरू नये, जमीन विकू नये. उत्तरे चांगली होती, देणारी माणसे मनापासून बोलत होती, आणि दहा मिनिटांत सर्वांनी चपला शोधायला सुरुवात केली. घरी परतताना माझ्या ध्यानात आले की यांतले एकही उत्तर देण्यासाठी दोन तास अंधारात बसण्याची गरज नव्हती. चूक प्रश्नाची होती, आणि प्रश्न माझा होता.

पुढच्या बैठकांत चुकत-सावरत एक कसोटी हाती लागली, आणि हे सारे टिपण तिच्याच आधाराने लिहिले आहे. चित्रपट न पाहताही ज्याचे उत्तर देता येते, तो प्रश्न चित्रपट या कलेविषयीचा नसतो. तात्त्विक प्रश्न म्हटला की तो जड शब्दांतच असावा लागतो असा आपला समज असतो. प्रत्यक्षात असा प्रश्न दृश्यातल्या ठरावीक जागेवर बोट ठेवून विचारता आला पाहिजे, आणि त्याचे उत्तर बदलले तर ते दृश्य आपल्याला निराळे दिसू लागले पाहिजे. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, खानापूर किंवा बेळगाव शहरात कुणाला अशी बैठक सुरू करायची असेल, त्यांना उपयोगी पडावे म्हणून आमची रीत येथे मांडत आहे.

काय दाखवावे आणि किती

संपूर्ण चित्रपट दाखवण्याचा आग्रह धरू नये. वीस मिनिटांचा एक तुकडा दोनदा दाखवला तर त्यातून जितके प्रश्न निघतात, तितके अडीच तासांच्या चित्रपटातून निघत नाहीत, कारण अडीच तासांनंतर प्रेक्षकाच्या मनात कथा उरते आणि दृश्ये पुसली जातात. हक्कांचा विचार मात्र आधी करावा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरील हक्क, तो प्रकाशित झाल्याच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून साठ वर्षे टिकतो. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेल्या आणि १९३३ साली पुण्याला गेलेल्या प्रभात कंपनीचे त्या दशकातले चित्रपट आता या मर्यादेपलीकडे आहेत. सुरुवात त्यांच्यापासून करावी असे माझे मत आहे, कारण आपल्या भागातल्या जुन्या माणसांच्या आठवणी त्यांच्याशी जोडलेल्या आहेत आणि ती माणसे पहिल्याच बैठकीत बोलती होतात. नव्या चित्रपटासाठी निर्मात्याची परवानगी घ्यावी.

साधने थोडी लागतात. भाड्याचा किंवा मागून आणलेला प्रोजेक्टर, एक लॅपटॉप, बरा स्पीकर आणि चुना दिलेली सपाट भिंत एवढे पुरते. भिंतीला भेगा असतील तर मांजरपाटाचा पडदा ताणून बांधावा. एक रिमोट मात्र चर्चा चालवणाऱ्याच्या हातात असलाच पाहिजे, कारण मागे जाऊन तेच दृश्य पुन्हा दाखवणे हे या बैठकीतले सर्वांत महत्त्वाचे काम आहे.

तुकडा पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवावा. ही युक्ती आम्हांला पावसाने शिकवली. वाचनालयाला पत्र्याचे छप्पर आहे, आणि आषाढातल्या एका शनिवारी पाऊस असा कोसळू लागला की संवादाचा एक शब्दही ऐकू येईना. बैठक रद्द करण्याऐवजी आम्ही तसाच चित्रपट पाहिला. एरवी नटांच्या तोंडाकडे पाहणारी माणसे त्या दिवशी दार कुठे आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो, कोण बसले आहे आणि कोण उभे आहे, हे पाहू लागली. पाऊस ओसरल्यावर तोच भाग आवाजासह लावला, तेव्हा एक आक्का म्हणाल्या की मघाशी ती सून घाबरलेली वाटत होती, आता बोलणे ऐकल्यावर ती रागावलेली आहे असे कळते, पण मला अजूनही ती घाबरलेलीच दिसते. त्या वाक्यात एक पूर्ण प्रश्न आहे: चित्र एक सांगत असेल आणि शब्द दुसरे सांगत असतील, तर चित्रपट कोणते सांगतो?

हलते ते काय

आरंभाला हा प्रश्न घ्यावा, कारण त्यासाठी आधीचे काहीही माहीत असावे लागत नाही. आमच्या गावात एक मामा आहेत, त्यांनी उमेदीची वर्षे एकपडदा टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. त्यांनी जपून ठेवलेला फिल्मचा एक फूटभर लांबीचा तुकडा त्यांनी बैठकीला आणला आणि तो हातोहात फिरवला. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे असतात, आणि बोलपटात सेकंदाला चोवीस चित्रे जात असल्यामुळे तो तुकडा म्हणजे दोन-तृतीयांश सेकंद होता. एका मुलीने तो ट्यूबलाइटसमोर धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, ‘ही तर सगळी सारखीच आहेत!’ शेजारशेजारची दोन चित्रे घेतली तर फरक खरोखरच दिसत नव्हता. पहिले आणि सोळावे ताडून पाहिले तेव्हा पदर धरलेला हात बोटभर वर गेलेला दिसला.

येथेच थांबून विचारावे: हात हलला कुठे? सोळांपैकी प्रत्येक चित्रात तो स्थिर आहे. यंत्रातही तो हलत नाही, कारण यंत्र प्रत्येक चित्र झरोक्यासमोर क्षणभर अडवून धरते आणि पुढचे चित्र सरकत असताना झडप उजेड झाकून टाकते. मामांनी सांगितले की जुन्या प्रोजेक्टरवर खेळाचा जवळजवळ निम्मा वेळ पडदा पूर्ण काळा असतो, आणि हे ऐकून सभेत जी शांतता पसरली ती मी विसरलेलो नाही. दोन तासांच्या खेळातला तासभर आपण काहीच पाहिलेले नसते, आणि तरीही आपण म्हणतो की मी सारे पाहिले.

या प्रश्नाला आपल्या परंपरेत एक जुना दृष्टान्त आहे. अद्वैत वेदान्ताचे जुने आचार्य गौडपाद यांच्या माण्डूक्यकारिकांच्या चौथ्या प्रकरणाचे नाव अलातशान्ति असे आहे. अलात म्हणजे जळते कोलीत. ते अंधारात गरागरा फिरवले की अग्नीचे वर्तुळ दिसते, आणि हात थांबला की वर्तुळ नाहीसे होते. ते कुठून आले आणि कुठे गेले, हे सांगता येत नाही. दिवाळीत फुलबाजी फिरवणाऱ्या प्रत्येक मुलाने हे केलेले असते, म्हणून दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही. त्यानंतर सभेत तीन बाजू आपोआप पडतात. काही म्हणतात, गती हा निव्वळ भास आहे. काही म्हणतात, ती आपल्या मनाने घडवली, पण मनाने घडवलेली गोष्ट खोटी असते असे नाही, रंगही आपल्या डोळ्यांशिवाय नसतो. तिसरे म्हणतात, गती खरीच होती, ती नटाच्या हातात होती, आपल्यापर्यंत तिची सोळा टिपणे पोहोचली. चर्चा चालवणाऱ्याने यांपैकी एकही बाजू लगेच उचलून धरू नये.

शाळेत शिकलेले दृष्टिसातत्याचे उत्तर येथे कोणीतरी देईलच. ते अपुरे आहे हे नम्रपणे सांगावे. डोळ्यापुढे चित्र क्षणभर रेंगाळते एवढ्यानेच गती दिसत असती, तर चित्रांवर चित्रे चढून नुसता गोंधळ दिसला असता. माक्स वेर्थायमर या मानसशास्त्रज्ञाने १९१२ साली भासमान गतीवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे मेंदूच्या जुळवणीचे काम आहे असे मानण्याकडे कल आहे. त्याच वर्षी दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा लावून, त्याच्या वाढीची टप्प्याटप्प्याने चित्रे घेऊन, मिनिटाभरात वाढणारा अंकुर पडद्यावर दाखवला होता. या उदाहरणावर मी नेहमी वेळ घालवतो. तो अंकुर तसा झरझर वर येताना कोणत्याही माणसाने कधी पाहिला नव्हता, तरी प्रत्येक चित्र खऱ्या रोपाचे, खरे होते. मग पडद्यावर दिसले ते खरे की खोटे? आमच्या गावात रताळी आणि भात लावणारी माणसे आहेत. त्यांच्यापैकी एकाने दिलेले उत्तर मला पुस्तकांपेक्षा मोलाचे वाटते: शेतकऱ्याला ती वाढ माहीत असते, फक्त ती सलग दिसत नसते.

चित्रातला घोडा

या प्रश्नासाठी दोन बैठका राखून ठेवाव्यात. नाटकातून रस कसा निर्माण होतो हे सांगणाऱ्या भरताच्या रससूत्राचा अर्थ लावताना श्रीशंकुक या जुन्या भाष्यकाराने एक न्याय, म्हणजे दृष्टान्त, मांडला, त्याला चित्रतुरगन्याय म्हणतात. भिंतीवर रंगवलेल्या घोड्याकडे पाहून मूल ‘हा घोडा’ म्हणते. हे ज्ञान यथार्थ नाही, कारण तेथे घोडा नाही. पण ते खोटेही नाही, कारण मूल फसलेले नाही आणि घोड्याला गवत घालायला जात नाही. घोडा असेल की नसेल अशी शंकाही त्याच्या मनात नसते, आणि हे घोड्यासारखे काहीतरी आहे असेही ते म्हणत नाही. रंगभूमीवरच्या नटाला ‘हा राम’ म्हणताना प्रेक्षकाची स्थिती अशीच असते: सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही ज्ञानांहून वेगळी.

सभेपुढे हा न्याय याच क्रमाने, घाई न करता मांडावा आणि मग पडद्यावर एक घोडा दाखवावा. जुन्या पौराणिक किंवा ऐतिहासिक चित्रपटात तो सहज मिळतो. आता विचारावे: हा घोडा शंकुकाच्या घोड्यासारखाच आहे का? भिंतीवरचा घोडा रंगाचा आहे, तो काढण्यासाठी जगात घोडा असण्याचीही गरज नाही. पडद्यावरच्या घोड्यापाठीमागे मात्र केव्हातरी, कुठेतरी, खराखुरा घोडा कॅमेऱ्यासमोर उभा होता, त्याने तो उजेड अंगावर घेतला होता आणि तो उजेड फिल्मवर उतरला होता. फ्रेंच समीक्षक आंद्रे बाझँ यांनी १९४५ च्या आपल्या निबंधात छायाचित्राचे वेगळेपण नेमके येथे दाखवले: वस्तू आणि तिचे चित्र यांच्यामध्ये माणसाचा हात येत नाही. आपल्याकडे हे कळायला निबंधाची गरज नाही. घरातल्या गेलेल्या माणसाचा फोटो आणि चित्रकाराने काढलेले त्याचे चित्र यांपैकी आपण हार कशाला घालतो आणि का, एवढे विचारले की सभा बोलू लागते.

पण बाझँवर थांबू नये, कारण त्याच गोष्टीतून उलटा प्रश्न उभा राहतो आणि तो अधिक बोचरा आहे. रॉजर स्क्रूटन या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९८१ साली असा युक्तिवाद केला की कॅमेरा समोरचे जसेच्या तसे उतरवत असेल, तर छायाचित्रात दिसणारे सौंदर्य समोरच्या वस्तूचे असते, छायाचित्राचे नव्हे. म्हणजे चित्रपटात कला असेल तर ती कॅमेऱ्यापुढे झालेल्या नाटकात असेल, चित्रपट फक्त ते पोचवतो. मला स्वतःला हा युक्तिवाद मान्य नाही, तरी तो सभेपुढे पूर्ण ताकदीने मांडावा, अर्धवट मांडून खोडू नये. त्याला उत्तर शब्दांनी देण्यापेक्षा एका प्रयोगाने द्यावे.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी १९२० च्या सुमारास केलेला प्रयोग आता कोणत्याही मोबाइलवर करता येतो. त्यांनी एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याला कधी सूपची थाळी, कधी शवपेटी अशी दृश्ये जोडली. प्रेक्षकांना तोच चेहरा कधी भुकेला, कधी शोकाकुल वाटला. आम्ही आमच्या वाचनालयाच्या जुन्या सभासदांपैकी एका काकांना अंगणात बसवून समोरच्या विजेच्या खांबाकडे पाहायला सांगितले आणि त्यांचा चेहरा दहा सेकंद टिपला. नंतर त्याला तीन वेगवेगळी दृश्ये जोडली: ज्वारीची भाकरी आणि झुणका वाढलेले ताट, हार घातलेला फोटो, आणि रिकामा पाळणा. बैठकीत हे तीन तुकडे दाखवले तेव्हा पाळण्याच्या तुकड्याला त्यांच्या पत्नी, ज्यांनी त्या चेहऱ्याबरोबर चाळीस वर्षे काढली आहेत, शेजारणीला म्हणाल्या, ‘त्यास्नी रडू येऊलालंय बघा.’ काका तेव्हा खांबावरचा कावळा पाहत होते.

ते दुःख कुठे होते, हा प्रश्न यानंतर विचारावा. काकांच्या चेहऱ्यावर ते नव्हते, पाळण्यात नव्हते, कॅमेऱ्याने ते उतरवले नव्हते, कारण उतरवायला ते तेथे नव्हतेच. ते दोन तुकड्यांच्या जोडावर निर्माण झाले. वडगावच्या यंत्रमागावर काम केलेले एक गृहस्थ तेथे होते. ते म्हणाले की ताण्याच्या धाग्यात नक्षी नसते आणि बाण्याच्या धाग्यातही नसते, धोटा फिरला की मग ती दिसते. स्क्रूटन यांना याहून नेटके उत्तर मी ऐकलेले नाही. चित्रपटाचे अभ्यासक रुडॉल्फ आर्नहाइम यांनी १९३२ सालीच सांगितले होते की चित्रपट वास्तवापेक्षा जिथे उणा पडतो, तिथेच त्याची कला सुरू होते, आणि जोड ही त्या उणिवांपैकी एक आहे. डोळ्यांनी पाहताना आपल्याला अंगणातून पाळण्याकडे असे एका क्षणात जाता येत नाही.

पुढच्या बैठकीत हाच प्रश्न माहितीपटाकडे न्यावा, म्हणजे तो अधिक अवघड होतो. निपाणीच्या तंबाखू कारखान्यांत राबणाऱ्या बायकांच्या लढ्यावर युगांतर या स्त्रियांच्या चित्रपट गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकिला ऊब आली’ हा लहानसा माहितीपट केला. आपल्या सीमाभागातल्या बायका, आपल्या भाषेत, आपल्या कामाविषयी बोलताना दिसतात, म्हणून तो मिळवून जरूर दाखवावा. तो पाहून झाल्यावर विचारावे की कॅमेरा समोर आहे हे ठाऊक असताना रोजचेच काम करणारी बाई काम करते, की काम दाखवते? आणि दाखवत असेल तर त्यामुळे ते कमी खरे होते का? अमेरिकी दिग्दर्शक रॉबर्ट फ्लाहर्टी यांनी १९२२ च्या आपल्या प्रसिद्ध माहितीपटात आत पुरेसा उजेड मिळावा म्हणून बर्फाचे अर्धेच घर बांधून घेतले होते, हे येथे सांगावे. अर्धे घर पूर्ण घराविषयी खरे सांगू शकते, असे मला वाटते, परंतु किती भाग कापला की ते खोटे होईल, याची रेषा मला अजून काढता आलेली नाही, आणि ती काढण्याचा प्रयत्न सभेने करावा.

या प्रश्नाची आणखी एक बाजू आपल्याच गावांत दिसते. प्रभातचा १९३६ चा ‘संत तुकाराम’ लावला तेव्हा पंढरीची वारी करणाऱ्या एका आजींनी खोलीबाहेर चपला काढल्या आणि शेवटी पडद्याला हात जोडले. त्यांना अवघडल्यासारखे होणार नाही अशा बेताने मी विचारले की त्यांनी नमस्कार कोणाला केला. त्या म्हणाल्या, तुकोबांना. नट वेगळा आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते, त्या फसलेल्या नव्हत्या, आणि ‘तुकोबांसारखा’ असेही त्या म्हणाल्या नाहीत. शंकुकाने सांगितलेली स्थिती माझ्यासमोर बसलेली होती. मूर्तीत प्राणप्रतिष्ठा करावी लागते, मग पडद्यावरच्या या प्रतिमेत ती कोणी केली, हा प्रश्न एका तरुणाने विचारला आणि त्यावर झालेले बोलणे मध्यरात्रीपर्यंत चालले. अशा वेळी श्रद्धेला हसणाऱ्याला तेथेच थांबवावे आणि प्रश्नाला श्रद्धेचा अपमान समजणाऱ्यालाही समजावून सांगावे.

रडू कुठे आले

जे खोटे आहे हे माहीत आहे त्यासाठी आपण का रडतो, हा प्रश्न कॉलिन रॅडफर्ड या तत्त्वज्ञाने १९७५ साली मांडला आणि आपले हे वागणे विसंगत आहे असा निष्कर्ष काढला. आपल्याकडे रससूत्राचाच आणखी एक भाष्यकार भट्टनायक याने साधारणीकरणाच्या कल्पनेने त्याची गाठ निराळ्या तऱ्हेने सोडवली होती: रंगभूमीवरचे दुःख माझे नसते, शेजाऱ्याचे नसते, शत्रूचेही नसते, त्याचा मालक गळून पडतो आणि म्हणूनच ते सर्वांना आस्वादता येते. दोन्ही मते थोडक्यात सांगावीत आणि लगेच दृश्याकडे वळावे, नाहीतर चर्चा नाटकाची, कादंबरीची आणि कीर्तनाची होते. चित्रपटाचा स्वतःचा वाटा कळण्यासाठी प्रत्येकाला, डोळे नेमके कोणत्या क्षणी भरून आले, ते कागदावर लिहायला सांगावे. आमच्याकडे बहुतेकांनी मृत्यूचा प्रसंग लिहिला नाही. कॅमेरा विझलेल्या चुलीवर काही क्षण जास्त थांबला होता, ती जागा लिहिली. तेथे कोणीही नट नव्हता.

कोणत्या भाषेत पाहिला

हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा आपल्याकडे चांगला विचारता येतो. आपल्यापैकी पुष्कळ जण घरी मराठी आणि बाजारात, कचेरीत, शेजारी कन्नड बोलतात, आणि काहींना कन्नड कळते पण वाचता येत नाही. कन्नड चित्रपटाचा दहा मिनिटांचा तुकडा खालच्या अक्षरांशिवाय दाखवावा. ज्यांना भाषा नीट येत नाही त्यांनी आधी सांगावे की काय घडले, आणि ज्यांना येते त्यांनी मग त्यात काय राहून गेले ते सांगावे. राहून गेलेले असते ते बहुधा नाते: कोण कोणाला एकेरीत बोलला, कोणाला कन्नडमधले आदराचे ‘री’ लावले, कोणी ते लावायचे टाळले. भीती, घाई, मत्सर, लपवाछपवी हे जवळजवळ सारे पोहोचलेले असते. यावरून चित्रपटाची एक जागतिक भाषा आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला विचारावे की मग त्यातला मान-अपमान का पोहोचला नाही.

यातूनच कलाकृतीच्या ओळखीचा प्रश्न निघतो. बोलपटांच्या आरंभी प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत केला होता. अलीकडचे उदाहरण तर आपल्या अंगणातले आहे: २०१६ च्या ‘सैराट’वरून २०१७ साली ‘मनसु मल्लिगे’ हा कन्नड चित्रपट झाला आणि दोन्हींत नायिका रिंकू राजगुरू याच होत्या. कथा तीच, नायिकेचा चेहरा तोच. मग हे एक आहे की दोन? येथे मराठी भाषा स्वतःच आपल्याला मदत करते. आपण नाटकाचा प्रयोग म्हणतो आणि सिनेमाचा खेळ म्हणतो. एकाच नाटकाचे दोन प्रयोग वेगळे असतात आणि नाटक मात्र एकच राहते. चित्रपटाचे सारे खेळ सारखे असतात, आणि दुसऱ्या नटसंचाने तीच कथा केली की आपण तिला दुसरा चित्रपट म्हणतो, पहिल्याचा प्रयोग म्हणत नाही. नाटकाची संहिता प्रयोगाबाहेरही उरते. चित्रपटाची संहिता चित्रित झाल्यावर कुठे जाते, हे विचारून पाहावे.

या बैठकीत सीमाप्रश्न निघण्याची शक्यता असते. तो आपल्या घराघरातला प्रश्न आहे आणि त्याविषयी लोकांच्या मनात खोल वेदना आहे, म्हणून तो झटकून टाकू नये. त्यासाठी वेगळा दिवस ठरवू असे सांगावे आणि दृश्य पुन्हा लावावे.

बोलणे कसे चालवावे

‘आवडला’ या उत्तराला ‘कुठे?’ एवढेच विचारावे. ‘संथ आहे’ असे कोणी म्हणाले तर कोणत्या दृश्यात वेळ लांबल्यासारखा वाटला ते सांगायला लावावे, घड्याळ लावून ते दृश्य पुन्हा पाहावे आणि मोजलेला वेळ व वाटलेला वेळ यांतला फरक फळ्यावर लिहावा. ‘अभिनय छान’ या उत्तराला काकांच्या चेहऱ्याची आठवण करून द्यावी. नटनट्यांची आणि पुरस्कारांची माहिती असलेल्या सभासदाला शेवटी बोलू द्यावे, कारण माहितीपुढे बाकीचे गप्प होतात. सर्वांत आधी मुले आणि नंतर स्त्रिया, हा क्रम आम्ही ठरवून घेतला आहे, आणि त्यामुळे चर्चेचा दर्जा वाढला असे मी खात्रीने सांगू शकतो. एका बैठकीत एकच प्रश्न घ्यावा. उत्तर ठरले नाही तरी बरोबर एका तासाने थांबावे, शेवटची बस आणि सकाळची धार दोन्ही असतात.

प्रत्येक वेळी एक वही ठेवावी. तीत उत्तरे लिहू नयेत, फक्त प्रश्न लिहावेत, ज्या दृश्यावरून प्रश्न निघाला त्याचा मिनिट-सेकंद लिहावा, आणि महिनाभर ती वही वाचनालयाच्या टेबलावर पेन्सिलीसह ठेवावी. पुढच्या बैठकीची सुरुवात तिच्यातल्या एका प्रश्नाने करावी. आमच्या वहीत सध्या शेवटचा प्रश्न नववीतल्या एका मुलीचा आहे. नायिका दार लावून घेते, खोलीत एकटी बसते आणि केस सोडते, असा दीड मिनिटाचा प्रसंग तिने निवडला आणि खाली लिहिले: ‘ती एकटी आहे असे आपण म्हणतो, मग तिला समोरून पाहते आहे कोण?’ तो तुकडा मी काढून ठेवला आहे. येत्या शनिवारी तो आधी आवाजाशिवाय लावायचा आहे.